वर्ट निवविण्याचे तांब्याचे वेटोळे

परदेशी स्थायिक होऊन, तेथील कायद्याने दिलेल्या मुभेचा लाभ घेऊन, घरच्या घरी बिअर करू लागलेल्या मराठी वाचकांकडून जे प्रश्न वरचेवर येतात, त्यांतील बहुसंख्य एकाच मुक्कामी येऊन अडलेले दिसतात : माल्टची निवड झाली, हॉप्सचे प्रमाण साधले, तासभराची उकळीही यथासांग पार पडली, परंतु हे वीस लिटर उकळते द्रव्य यीस्ट घालण्याजोगे थंड करावयाचे ते कसे? कोणी दुकानातल्या तयार चिलरची किंमत पाहून बिचकलेले असतात, कोणी पंचवीस फूट नळी घ्यावी की पन्नास या विवंचनेत असतात, आणि कोणी तर उत्साहाच्या भरात नळी आणून ती गुडघ्यावर वळवताना तिला मधोमध चेप आणून बसलेले असतात. या सर्वांना उपयोगी पडेल असा तपशील पुढे दिला आहे. माझे मत मात्र प्रारंभीच नोंदवून ठेवतो. या उपकरणाच्या यशापयशाचा संबंध तांब्याच्या लांबीशी जेवढा आहे, त्याहून अधिक तो आपल्या नळाच्या पाण्याच्या उष्णतामानाशी, आणि आपण पातेल्यात पळी फिरवीत राहता की नाही याच्याशी आहे.

आधी गरज आहे काय, ते पाहावे

वर्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या सातूचा हॉप्ससह उकळलेला गोड काढा, एल जातीच्या बिअरसाठी १८ ते २० अंश सेल्सिअसपर्यंत, आणि लागरसाठी त्याहून पुष्कळ खाली, ८ ते १२ अंशांपर्यंत, शक्य तितक्या लवकर उतरवावा असे जे सांगितले जाते त्याची कारणे थोडक्यात अशी. साठ अंशांखाली आलेला, पण यीस्ट अद्याप न पडलेला वर्ट म्हणजे हवेतल्या जंतूंपुढे वाढून ठेवलेले ताटच. फिकट माल्टचा, विशेषतः पिल्सनर माल्टचा वर्ट फार वेळ गरम राहिला तर त्यात डायमिथाइल सल्फाइड साचत जाते आणि बिअरला उकडलेल्या मक्याचा वास येतो. सुमारे ८० अंशांच्या वर हॉप्समधून कडवटपणा उतरत राहतो, त्यामुळे आखलेला हिशेब चुकतो. आणि झटकन निवलेल्या वर्टमधील प्रथिने एकत्र गोठून तळाशी बसतात, त्यामुळे बिअर नितळ होते. सिद्धांत इतका पुरे.

यावरून प्रत्येकाला तांबे विकत घेण्याची गरज आहे असे मात्र ठरत नाही.

- जे वाचक माल्टचा तयार अर्क वापरून स्वयंपाकघरातील पातेल्यात आठ-दहा लिटरच उकळतात आणि उरलेले थंड पाणी मागाहून मिसळतात, त्यांनी बर्फ घातलेल्या सिंकमध्ये पातेले अर्धा तास ठेवावे. त्यांच्यासाठी चिलर म्हणजे चार आण्याची कोंबडी अन् बारा आण्याचा मसाला.
- ऑस्ट्रेलियात, जेथे पाण्याची चणचण वारंवार भासते, तेथे गरम वर्ट थेट उष्णता सोसणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या चौकोनी कॅनमध्ये काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून, रात्रभर आपोआप निवू देण्याची पद्धत रूढ आहे. ती चालते, मात्र कडवटपणाचा हिशेब त्यानुसार बदलावा लागतो, आणि यीस्टविना असा वर्ट आठवडे न् आठवडे साठवून ठेवणे धोक्याचे, कारण हवाबंद व पुरेशा आंबट नसलेल्या द्रवात बॉट्युलिझमच्या जंतूंची वाढ संभवते. दुसऱ्या दिवशी यीस्ट पडलेच पाहिजे.
- जे संपूर्ण वीस लिटर एकदम उकळतात, त्यांच्यासाठी पुढील मजकूर आहे.

प्रकार तीन, शिफारस एकाची

निवविण्याच्या साधनांचे तीन प्रकार प्रचारात आहेत. पहिल्यात तांब्याचे वेटोळे वर्टमध्ये बुडवून त्याच्या आतून थंड पाणी खेळवतात. दुसऱ्यात बागेच्या रबरी नळीच्या पोटात तांब्याची नळी घालून, आतून वर्ट व बाहेरून उलट दिशेने पाणी वाहते ठेवतात. तिसऱ्यात पातळ पत्र्यांच्या चळतीतून दोन्ही प्रवाह शेजारी-शेजारी जातात. शेवटचे दोन वेगवान खरे, परंतु त्यांच्यात वर्ट आतून वाहतो, आणि जो भाग डोळ्यांना दिसत नाही तो स्वच्छ झाला याची खात्री कोणी द्यावी? हॉप्सचा एखादा कण अडकून राहिला तर पुढचा घाणा नासेपर्यंत त्याचा पत्ता लागत नाही. बुडवावयाच्या वेटोळ्याचा मात्र वर्टला लागणारा प्रत्येक इंच आपल्याला पाहता येतो, घासता येतो आणि उकळीत घालून निर्जंतुक करता येतो. स्वतः घडवावयाचे असेल तर हेच घडवावे.

खर्चाविषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. तांब्याचे भाव चढे असले म्हणजे सुटी नळी, जोडण्या व क्लिपा यांची बेरीज तयार चिलरच्या किमतीच्या इतकी जवळ जाते की बचत नाममात्र उरते. तेव्हा दोन्ही आकडे कागदावर मांडूनच निर्णय घ्यावा. स्वहस्ते करण्याचा खरा लाभ असा, की वेटोळे आपल्या पातेल्याच्या मापाचे होते.

सामग्री

- तांब्याची मऊ नळी. बाहेरचा व्यास ३/८ इंच, लांबी २५ फूट, ही वीस लिटरला पुरते. चाळीस लिटर करणाऱ्यांनी अर्ध्या इंचाची ५० फूट घ्यावी. ब्रिटनमध्ये १० मिलिमीटरची मऊ नळी दहा मीटरच्या गुंडाळीत मिळते, तीही उत्तम.
- लवचिक नळी, दोन तुकडे : एक नळापासून वेटोळ्यापर्यंत, दुसरा वेटोळ्यापासून मोरीपर्यंत किंवा अंगणापर्यंत. पारदर्शक व्हाइनिल स्वस्त असते, पण तापल्यावर मऊ पडते. निदान बाहेर जाणाऱ्या बाजूला सिलिकोनची घ्यावी.
- स्टेनलेस स्टीलच्या पट्टी-क्लिपा व नळाला बसणारी एक जोडणी.
- उघडी तांब्याची तार, वेढे बांधण्यासाठी. घरातील विजेच्या जाड तारेचे आवरण सोलून काढले तरी चालते.
- नळी वळवण्याची स्प्रिंग आणि नळी कापण्याची चकती. करवतीने कापल्यास कीस नळीत शिरतो व तोंड वाकडे होते.

खरेदी करताना दोन ठिकाणी हमखास फसगत होते. अमेरिकेत शीतकरणाच्या कामाची नळी बाहेरच्या व्यासाने विकली जाते, तर नळकामाची नळी नाममात्र मापाने. त्यामुळे नळकामाच्या खणातील ३/८ इंची म्हणवणारी नळी प्रत्यक्षात बाहेरून अर्धा इंच भरते. दुकानदाराला बाहेरचा व्यासच विचारावा. दुसरी गोष्ट आट्यांची. अमेरिकेतील बागेच्या नळाचे पाऊण इंची आटे आणि ब्रिटनमधील व आपल्याकडील पाऊण इंची आटे यांचा आकडा तोच, परंतु दर इंचातील फेऱ्यांची संख्या निराळी. तेव्हा पुण्याहून सामानात आणलेली पितळी जोडणी टेक्सासमधल्या नळावर चढेल अशी आशा धरू नये. टेफ्लॉन टेपचे कितीही वेढे दिले तरी हा फरक बुजत नाही.

वेटोळे घडवण्याची रीत

प्रथम मोजमाप. वीस-बावीस लिटर वर्टसाठी सामान्यतः ३० लिटरचे पातेले वापरतात आणि त्याचा व्यास ३३ सेंटिमीटरच्या आसपास असतो. वेटोळे त्याहून सगळीकडून चार-पाच सेंटिमीटर लहान, म्हणजे सुमारे २३-२४ सेंटिमीटर व्यासाचे असावे, जेणेकरून कडेने पळी फिरवण्यास जागा राहील. सोडा-पेयांचे जुने स्टीलचे पिंप बहुतेक ठिकाणी सहज मिळते आणि त्याचा घेर नेमका या कामाचा असतो. नसल्यास रंगाचा मोठा डबा किंवा वाळूने भरलेले दुसरे पातेले घ्यावे. रिकामा पातळ डबा दाबाने बसतो.

1. नळीच्या एका टोकाकडून साधारण ६५ सेंटिमीटर सरळ सोडून द्यावे. पातेल्याच्या तळापासून काठापर्यंत चढणारा खांब आणि काठावरून बाहेर वळणारा भाग यांसाठी ही लांबी लागते. दुसऱ्या टोकालाही तेवढीच सोडावी.
2. गुंडाळी मूळची सर्पिल असते. ती उलगडून सरळ करण्याचा मोह टाळावा. तिच्या मूळच्या वळणाच्याच दिशेने, नळी पिंपावर टेकवून, पिंप हळूहळू फिरवीत वेढे घ्यावेत. हात नळीवर आणि नळी पिंपावर सतत टेकलेली राहिली तर चेप येत नाही. हे काम दोघांनी करावे, एकाने पिंप धरावे.
3. २५ फुटांतून दोन्ही टोके वजा जाता आठ वेढे निघतात. हात सोडताच वेटोळे किंचित सैल होऊन मोठे होते. पिंप मापाला थोडे लहान असलेले चांगले ते याचसाठी.
4. खालचे टोक वर आणण्यासाठी जो काटकोनी बाक द्यावा लागतो, नळी बहुधा तेथेच दगा देते. तेथे स्प्रिंग सरकवूनच वाकवावे. स्प्रिंग न मिळाल्यास नळीत बारीक कोरडे मीठ ठासून भरावे, तोंडे टेपने बंद करावीत, वाकवावे आणि मग भरपूर पाण्याने धुवावे. वाळूपेक्षा मीठ बरे, कारण उरलेसुरले विरघळून जाते.
5. वेढ्यांमध्ये बोटभर अंतर राहील असे ते वर-खाली पसरावेत, आणि तीन ठिकाणी उभी तार ओवून प्रत्येक वेढ्याला एक पीळ द्यावा. एकमेकांना चिकटलेल्या वेढ्यांमधून वर्ट फिरत नाही.
6. दोन्ही टोके पातेल्याच्या काठावरून बाहेर नेऊन खाली वळवावीत.

ही सहावी पायरी पुष्कळ जण अनावश्यक समजून गाळतात, आणि ती गाळण्यासारखी चूक दुसरी नाही. लवचिक नळी व तांबे यांचा सांधा कधी ना कधी ठिबकतोच. तो सांधा पातेल्याच्या वर असेल तर नळाचे न उकळलेले पाणी थेंबाथेंबाने निवलेल्या वर्टमध्ये पडत राहते आणि सर्व खटाटोप व्यर्थ जातो. सांधा काठाच्या बाहेर आणि काठापेक्षा खाली असला म्हणजे गळालेला थेंब जमिनीवर जाईल, बिअरमध्ये नाही. पितळी जोडण्याही पातेल्याबाहेरच असाव्यात, कारण पितळेत शिशाचा अंश असू शकतो. डाख देऊन सांधा करावयाचाच असेल तर डाख शिसेविरहित घ्यावा; अमेरिकेत पिण्याच्या पाण्याच्या नळकामात शिशाच्या डाखाला १९८६ पासून बंदी आहे आणि तो दंडक घरीही पाळावा.

लवचिक नळी चढत नसेल तर तिचे टोक मिनिटभर उकळत्या पाण्यात धरावे, ते मऊ होऊन सरकते. त्यावर क्लिप आवळावी.

पहिली चाचणी

प्रथम कोरडी गळतीपरीक्षा : वेटोळे जमिनीवर ठेवून नळ पूर्ण सोडावा आणि दहा मिनिटे सांध्यांवर कोरडा कागद धरून पाहावे. मग नळीवरील कारखान्याचे तेल साबणाच्या गरम पाण्याने काढावे, सौम्य व्हिनेगरात किंवा चिंचेच्या कोळात घासून ती लखलखीत करावी. तांब्याची भांडी चिंचेने उजळणाऱ्या घरात वाढलेल्यांना यापुढे काही सांगावयास नको. शेवटी पातेल्यात साधे पाणी उकळून त्यात एकदा निववून पाहावे. यात किती वेळ लागतो याची नोंद ठेवल्यास पुढे वर्टच्या दिवशी बेत आखता येतो.

निवविण्याच्या दिवशी

उकळीची अखेरची पंधरा मिनिटे राहिली असता वेटोळे वर्टमध्ये सोडावे, म्हणजे ते निर्जंतुक होते. उकळी क्षणभर बसेल. ती पुन्हा आल्यावर पंधरा मिनिटे मोजावीत. येथे एक धोका फारसे कोणी सांगत नाही : वेटोळ्यात मागील वेळचे पाणी उरलेले असते, ते आत उकळू लागते आणि बाहेरच्या नळीच्या तोंडातून वाफेचे व उकळत्या पाण्याचे फवारे थडथडत उडतात. ते तोंड आधीच मोरीत किंवा बादलीत बांधून ठेवावे. मुले व पाळीव प्राणी तेथून दूर असावीत. गॅसच्या ज्वाळेजवळून नळी जाऊ देऊ नये.

आच बंद केल्यावर पाणी सोडावे. पहिली काही मिनिटे बाहेर पडणारे पाणी सत्तर अंशांच्या वर असू शकते, हात लागला तर पोळतो. हे पहिले पंधरा-वीस लिटर फेकून देणे हा निव्वळ अपव्यय : बादलीत धरावे आणि भांडी-पातेली धुण्यास वापरावे.

आता मुख्य गोष्ट. वेटोळे स्थिर ठेवून आपण खुर्चीत जाऊन बसलात, तर तांब्यालगतचा वर्ट थंड होतो, तेथेच राहतो, आणि बाकीचा गरमच राहतो. बाहेर येणारे पाणी थंड लागते म्हणून काम झाले असा भ्रम तेवढा होतो. निर्जंतुक केलेल्या लांब दांड्याच्या पळीने सावकाश पण अखंड ढवळत राहावे, किंवा वेटोळेच धरून हलके वर-खाली करावे. ढवळण्यास प्रारंभ करताच बाहेर येणाऱ्या पाण्यावर हात धरून पाहा : ते पुन्हा गरम झालेले जाणवेल. पंचवीस फुटांची ढवळलेली नळी पन्नास फुटांच्या निश्चल नळीला हार जात नाही. थंड पाणी वरच्या वेढ्यात सोडावे की खालच्या, या वादाला ढवळणाऱ्याच्या लेखी महत्त्व नाही.

नळाचे पाणी दहा-बारा अंशांचे असेल तर वीस लिटर वर्ट बहुधा वीस ते तीस मिनिटांत यीस्टजोगा होतो. पाणी किती लागेल? शंभरावरून वीस अंशांवर येताना वीस लिटरमधून सुमारे १६०० किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. बाहेर जाणारे पाणी सरासरी तीस अंशांनी तापत असेल तर पन्नासेक लिटर, आणि नळ बेफाम सोडला तर त्याच्या दुप्पटही. नळ अर्धाच सोडणे किफायतशीर. पहिले साठ अंश भराभर उतरतात व शेवटचे वीस जवळजवळ तेवढाच वेळ खातात, यात उपकरणाची काही कसूर नाही.

नळाचे पाणीच कोमट असेल तर

टेक्सास, ॲरिझोना किंवा क्वीन्सलँड येथे उन्हाळ्यात नळालाच २७-३० अंशांचे पाणी येते, आणि नळाच्या पाण्याहून वर्ट थंड होणे या मार्गाने अशक्य आहे. अशा वेळी काही जण दुसरे वेटोळे बर्फाच्या बादलीत ठेवून त्यातून येणारे पाणी पहिल्यात सोडतात. परंतु वर्ट उकळता असतानाच बर्फ खर्ची घालणे हा जमाखर्च चुकीचा. मी सुचवतो ते असे : नळाच्या पाण्याने वर्ट ३८-४० अंशांपर्यंत आणावा, मग नळ बंद करून कारंज्याचा छोटा बुडीत पंप बर्फाच्या बादलीत ठेवावा आणि तेच पाणी फिरते ठेवावे. चाळीसवरून वीसवर येण्यासाठी ४०० किलोकॅलरी काढावयाच्या आहेत; एक किलो बर्फ वितळून वीस अंशांवर येईतो सुमारे १०० घेतो; म्हणजे हिशेबाने चार किलो, आणि गळतीसह व्यवहारात सहा-सात किलो बर्फ पुरतो. पंपाची वायर व सॉकेट पाण्यापासून दूर ठेवावे. बर्फ थेट वर्टमध्ये मात्र टाकू नये, दुकानातील बर्फ निर्जंतुक असतोच असे नाही.

तांब्याची निगा

काम संपताच वेटोळे धुवून, आतले पाणी फुंकून काढून, पुसून टांगावे. वर्ट किंचित आम्ल असल्याने बुडवताना काळवंडलेले तांबे बाहेर काढताना उजळलेले दिसते. म्हणजे तो मळ वर्टमध्ये गेला. थोडे तांबे यीस्टला पोषकच असते, पण हिरवा कळंक चढलेले वेटोळे तसेच बुडवणे योग्य नव्हे. प्रत्येक खेपेआधी चिंच किंवा सायट्रिक आम्लाने उजळावे. ब्लीचमध्ये भिजत घालू नये. आणि आंबून तयार झालेल्या बिअरला तांबे लागू देऊ नये. ती अधिक आम्ल असते आणि तिच्यात विरघळलेले तांबे चव बिघडवते.

कायदा आणि भाडेकरार

अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ साली स्वाक्षरी केलेल्या कायद्यान्वये, १९७९ पासून, एक प्रौढ असलेल्या घरास वर्षाला १०० गॅलन व दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरास २०० गॅलन बिअर स्वतःच्या उपयोगासाठी करमुक्त करता येते. राज्यांपैकी अलाबामा व मिसिसिपी यांनी २०१३ साली सर्वांत शेवटी संमती दिली. ब्रिटनमध्ये घरगुती उपयोगाच्या बिअरसाठी परवान्याची अट १९६३ साली गेली. ऑस्ट्रेलियातही स्वतःपुरती, बिगर-व्यापारी बिअर अबकारी करातून मुक्त आहे. विक्रीची मुभा यांपैकी कोठेही नाही. आणि या वेटोळ्याचे रूप भट्टीच्या वेटोळ्यासारखे दिसत असले, तरी आंबलेले द्रव्य ऊर्ध्वपातित करून मद्य काढणे ही सर्वस्वी निराळी बाब असून तिला ही मुभा लागू नाही.

महाराष्ट्रात परतणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे की महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ अन्वये परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे आणि घरगुती बिअर त्यास अपवाद नाही. गोव्यातही निर्मितीला परवाना लागतो. तेव्हा वेटोळे सामानात न्यावे की मागे ठेवावे, याचा विचार आधी करावा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांसाठी आणखी दोन गोष्टी. गच्चीत किंवा बाल्कनीत गॅसची शेगडी पेटवण्यास इमारतीचे अग्निनियम व भाडेकरार यांची बहुधा मनाई असते; ती कलमे उकळीचा दिवस ठरवण्यापूर्वी वाचावीत. बाहेरचा नळ वापरण्यास घरमालकाची लेखी परवानगी घ्यावी, पाणीटंचाईच्या दिवसांत स्थानिक निर्बंध पाहावेत, आणि बादलीतले पाणी उलटे सार्वजनिक नळात ओढले जाऊ नये यासाठी त्या नळावर उलट प्रवाह रोखणारी झडप आहे ना, हे पाहून घ्यावे. नसल्यास ती बागकामाच्या दुकानात मिळते आणि हाताने आवळून बसवता येते.